बाहीतले हात

इराणच्या सम्राटाने एका ग्रीक शहरावर अस्पदात नावाचा क्षत्रप, म्हणजे सुभेदार, नेमला होता. माणूस भयंकर संशयी. कुणीतरी खंजीर काढील या धास्तीने, आणि बाहीत गुंतलेल्या हाताला शस्त्र चालवता येत नाही म्हणून, त्याने हुकूम सोडला, "माझ्यासमोर येताना दोन्ही हात लांब बाह्यांत लपवायचे!"

दरबाऱ्यांनी मुकाट हात लपवले. शहराची गाऱ्हाणी घेऊन आलेल्या मेलिता नावाच्या म्हाताऱ्या विणकरणीने मात्र लपवले नाहीत.

"हात बाहेर का? काय बेत आहे तुझा?" क्षत्रप गरजला. पहारेकऱ्यांनी तिच्यावर भाले रोखले.

"तुमचा जीव वाचवतेय, सरकार," ती म्हणाली. "बाहीत हात फक्त सम्राटापुढे लपवायचे, हा तुमच्याच लोकांचा रिवाज. सम्राटाचे हेर तर दरबारादरबारांत असतात म्हणे. इथला हेर कळवील, की अस्पदात स्वतःलाच सम्राट समजायला लागलाय. तेव्हा तुम्हाला निदान सांगता येईल, की छे, एक बाई उघड्या हातांनी उभी होती!"

अस्पदातच्या तोंडचं पाणी पळालं. "हात बाहेर काढा! सगळ्यांनी!" तो ओरडला.

भराभर हात बाहेर आले. मेलिताची गाऱ्हाणी त्याने निमूट ऐकली खरी, पण नजर त्या हातांवरून हलेना. यातला मारेकऱ्याचा कुठला आणि हेराचा कुठला?