बिनचूक पठण

"माझं एक अक्षर तरी चुकलं का, भन्ते?"

सोणक दारातच उभा होता. लेण्याच्या पायरीवर बसलेल्या वयोवृद्ध भिक्षूंनी, बोधिगुत्त थेरांनी, वर पाहिलं नाही.

खाली नदीच्या डोहात सकाळीच एका बाईचं प्रेत सापडलं होतं. आदल्या दिवशी आपलं मेलेलं मूल मातीत ठेवून ती थेट लेण्यावर आली होती. थेर तापाने पडून होते, म्हणून तिच्यापुढे सोणक बसला.

सोणक लेण्यातला सर्वांत हुशार पाठक. एकदा कानावर पडलेलं सूत्र तो जन्मात विसरायचा नाही, आणि ही गोष्ट इतरांनाही विसरू द्यायचा नाही. आज मात्र त्याचा चेहरा पार उतरला होता.

"काय म्हटलंस तिच्यापुढे?"

"बुद्धवचन. जे जन्मतं ते जातं, त्याचा शोक करू नये... अथपासून इतिपर्यंत."

"कोणत्या भाषेत?"

"मागधीत, भन्ते. भगवंतांच्या तोंडची भाषा. दुसरी कशी चालेल?"

"भगवंत त्या भाषेत का बोलले?"

"समोरच्याला कळावं म्हणून. तिकडची साधीसुधी माणसं तीच..."

वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

 

"ती काय म्हणाली?"

"रडत होती. मधूनमधून काही बोलत होती... इथली डोंगरातली बोली."

"तुझ्या आईची बोली."

"हो, भन्ते."

"मग?"

"मी सूत्र म्हणत होतो ना. मध्ये लक्ष दिलं तर ओळ तुटते."

थेरांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर सोणकाला बरं वाटलं असतं.

"प्रत्येक सूत्राच्या आधी काय म्हणतोस?"

"'असं मी ऐकलं आहे.'"

"मग सांग. काल काय ऐकलंस?"

सोणकाने डोळे मिटले. आठवू लागला... तिचे हात आठवले, नखांतली माती आठवली. शब्द एकही आठवेना. 

तेवढ्यात पायवाटेने एक माणूस वर आला. त्या बाईचा नवरा. धोतर कमरेपर्यंत ओलं होतं. त्यानेच तिला डोहातून काढलं होतं.

त्याने हात जोडले.

"काल घरी आली, तवा म्हनली, भन्ते लई मोठं कायतरी सांगत हुते, मला अडानीला उमगलं न्हाई. पुन्यांदा इचारायची लाज वाटली तिला. म्हनून म्या आलो... काय सांगितलं हुतं तिला?"

सोणकाने तोंड उघडलं. इतक्या वर्षांची सवय. ओठांवर पहिली ओळ आली ती मागधीतलीच.

थेर भिंतीला धरून उठले. त्यांनी आपला तळहात त्याच्या तोंडावर ठेवला.  बोटांवरून सोणकाच्या डोळ्यांतलं पाणी ओघळू लागलं, तरी त्यांनी हात काढला नाही.

मग ते त्या माणसाकडे वळले आणि त्याच्याच बोलीत म्हणाले,

"तू बोल रं बाबा. ह्याला अजून काय बी येत न्हाई."