वाटीभर रव्याचा प्रसाद

देवळात नैवेद्य रांधणाऱ्या उमाक्कांच्या शिऱ्याचं गावभर कौतुक होई. इनामदार भुजंगरावांना ते खुपे. एकदा त्यांनी वाटीभर रवा धाडून हुकूम सोडला, “यात साऱ्या गावाचं तोंड गोड करा. कुणीही ‘कमी’ म्हणालं, तर नैवेद्याचा मान सोडायचा.”

उमाक्कांनी शांतपणे रवा तुपात खमंग भाजला, शिरा केला, देवापुढे ठेवला आणि मग वाटायला घेतला. लोक चिमूटभर शिरा कपाळाला लावून समाधानाने खात होते.

शेवटी इनामदारांनी हात पुढे केला. “एवढाच?”

“प्रसाद आहे, सरकार,” उमाक्का म्हणाल्या. “कमी वाटत असेल, तर समोर देव आहे, त्यालाच सांगा.”

इनामदारांनी देवाकडे पाहिलं, चिमूट कपाळाला लावली आणि मुकाट्याने तोंडात टाकली.