कबऱ्याचा गूळ

घरोघरी मातीच्या मडक्यातच भात शिजायचा, त्या काळातली गोष्ट.

सुंदराबाई कुंभारणीची दोन गाढवं होती, भुऱ्या आणि कबऱ्या. कबऱ्या एकाएकी दिवसभर भिंतीकडे तोंड करून उभा राहू लागला. सुंदराबाईनं त्याला कामातून सुट्टी दिली, वर रोज गूळ-भाकरी सुरू केली. त्याच्या वाटची माती आली भुऱ्याच्या पाठीवर.

भुऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "ना लंगडतो, ना खोकतो! आजार कसला? नुसतं सोंग! असला आजार मलाही होऊ दे की!"

एका दुपारी सुंदराबाईची पाठ वळताच तो गूळ चोरायला गोठ्यात शिरला. गव्हाणीत भाकऱ्या वाळून पडल्या होत्या आणि गुळाला मुंग्या लागल्या होत्या. भुऱ्यानं घाईनं एक खडा तोंडात टाकला.

"खाल्लं का नाहीस रे?"

"खावंसंच वाटत नाही," कबऱ्या भिंतीलाच म्हणाला. "राखेत लोळावंसंही वाटत नाही."

राखेत? भट्टी निवली की कोमट राखेत पहिली उडी कबऱ्याची असायची. भुऱ्याला कधी धड जागासुद्धा मिळायची नाही.

असला आजार मागणाऱ्या तोंडातला तो गूळ भुऱ्याला काही केल्या गिळवेना.