खारजाईची बिंदली

पाजव्याची खाडी समुद्राला मिळण्याआधी एक वळण घेते. तिथे सुकतीला पाणी उतरले की चिखलाचा एक लांबरुंद पट्टा उघडा पडतो. त्याच्या वरच्या अंगाला तिवरांची राई आहे, खालच्या अंगाला एकटाच काळा कातळ. कातळापासून तिवरांपर्यंतच्या या तुकड्याला गावात 'पाळणा' म्हणतात. होळीच्या दुसऱ्या दिवसापासून रंगपंचमीपर्यंतचे दिवस सोडले, तर वर्षभर पाळण्यात कोणी पाय टाकत नाही. खाडीच्या बाकीच्या चिखलात बायका बारमाही तिसऱ्या काढतात, पण तिथेही प्रत्येकीच्या कमरेला दोऱ्यात ओवलेले एक लहानसे कडे असते. शिंपली त्या कड्यातून पार गेली, तर ती परत चिखलात. अडकली, तर टोपलीत.

काठावर जांभ्या दगडाचे खारजाईचे देऊळ आहे. त्याच्या ओट्यावर विठू तांडेल बसलेले असतात. ऐंशी पावसाळे पाहिलेला माणूस, आता होडीवर जात नाही. तिसऱ्यांचे कालवण खाऊन हात धुवायला आलेले पाहुणे विचारतात, पाळणा कोणाचा? मग तांडेल त्यांना आत नेतात आणि देवीच्या पायाशी ठेवलेली चांदीची एक काळवंडलेली बिंदली दाखवतात. तान्ह्या मुलाच्या मनगटात घालतात तसली. तिच्या शेजारी एक शिंपली असते, मध्येच आवळलेली, कंबरपट्टा बांधल्यासारखी. त्या दोन वस्तूंची हकीकत अशी सांगतात.

फार पूर्वी पाजव्यात आवडी नावाची एक खारवीण होती. तिसऱ्या काढण्यात तिचा हात धरणारी बाई पंचक्रोशीत नव्हती. इतर बायका चिखल हातांनी चाचपत. आवडीला म्हणे नुसत्या तळपायाने कळे की खाली तिसरी आहे की नुसता खडा. शेजारच्या येसूची टोपली अर्धी होईतो आवडीची भरलेली असे. मग येसूही हाताला लागेल ते टोपलीत टाकू लागली, येसूचे पाहून बाकीच्या. नखाएवढे पिल्लूसुद्धा सुटेना. खाडी आईसारखी आहे, असे सगळ्याच म्हणत; आणि आईकडे मागताना कोणी हात आखडता घेत नाही, तसे चालले होते.

आवडीच्या लग्नाला नऊ वर्षे झाली तरी कूस उजवली नव्हती. तेव्हा तिने खारजाईला नवस केला, की मूल होऊ दे, त्याच्या दुसऱ्या होळीला थोराड तिसऱ्यांची टोपली शीग लावून तुझ्या पायाशी ठेवीन. नवसाला लागते तशी बिंदलीही तिने बोलून ठेवली. बाराव्या दिवशी गुरवाने ती बाळाच्या हातात घालायची आणि टोपलीबरोबर देवीला परत करायची. तोवर ती मनगटातून निघता कामा नये, कारण बिंदली हातात आहे तोवर पोर देवीच्या राखणीत, असा पाजव्याचा समज होता.

वर्ष सरायच्या आत मुलगी झाली. नाव ठेवले देवकी. आवडीचा नवरा नागू याने बिंदली करून घेतली, पण वाढत्या अंगाची. दोन वर्षे वापरायची वस्तू आधीच घट्ट कशाला, असे त्याचे म्हणणे. देवीला द्यायच्या चांदीतही पुढचा विचार करणारा तो माणूस होता. त्याच्या या दूरदृष्टीने पुढचे सगळे घडवले.

देवकी सात महिन्यांची असताना पहिली होळी आली. दुसऱ्या दिवशी उजाडतानाच्या सुकतीला आवडी पोरीला घेऊन चिखलात उतरली. कातळाजवळ काहीच उरले नव्हते, म्हणून बाकीच्या बायकांना मागे टाकून ती थेट तिवरांपर्यंत गेली. एका फांदीला लुगड्याची झोळी बांधून तिने पोरीला निजवले आणि झोळीखालचा चिखल उपसू लागली. मिळत होती ती सगळी पिल्लेच. पाणी वळल्याचे तिच्या ध्यानात आले तेव्हा ते पोटरीला लागले होते. तिने झोळी सोडली. देवकी जागी होती, हात नाचवत होती. त्या हातात बिंदली नव्हती.

आवडीने पायांनी चिखल चाळला, मग हातांनी, टोपलीही ओतून पाहिली. नखाएवढी शिंपली अंधारातही ओळखणारे ते पाय, पण चांदी त्यांना सापडेना. पाणी मांडीवर आले तशी पोरीला छातीशी धरून ती काठाकडे निघाली.

काठावर येसू आणि चारजणी टोपल्या धूत होत्या.

"काय गो आवडे, टोपली रिकामी? आज सूर्य कुठनं उगवला?" येसू म्हणाली.

बिंदली हरवली असे सांगावे, तर पोरीवर देवीचा कोप ओढवल्याची बोंब संध्याकाळच्या आत गावभर झाली असती. न सांगावे, तर उद्याच्या सुकतीला याच बाया तिवरांपर्यंत चिखल तुडवणार. बिंदली कोणाच्या तरी टोपलीतून जाणार, नाहीतर हातभर खोल रुतणार. आवडीच्या तोंडून जे निघाले, ते तिने आधी योजलेले नव्हते असे सांगतात.

"खारजाई दिसली मला," ती म्हणाली. "तिवरांत उभी होती. म्हणाली, कातळापासून इथवर माझं पोर निजलंय. पुढल्या होळीपर्यंत पाय टाकू नका."

"तुलाच बरी दिसली. आम्ही काय डोळे घरी ठेवून आलो होतो?"

"तू खाली बघून पिल्लं वेचत होतीस," आवडी म्हणाली. ते खरे असल्यामुळे येसूने टोपली पुन्हा धुवायला घेतली.

गोष्ट गुरवाकडे गेली. बाईमाणसाच्या शब्दावर गाव चालत नाही, कौल लावू, असे तो म्हणाला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुले चिकटवली. उजवे पडले तर आवडीचे खरे, डावे पडले तर खोटे. फूल उजवे पडले. सगळ्यांत मोठा धक्का आवडीला बसला.

त्याच दिवशी तिवराच्या काठ्या रोवून, लाल चिंध्या बांधून हद्द आखली गेली. बायका बाजूला झाल्या की दोन सुकत्यांत बिंदली शोधून काढू, असा आवडीचा हिशेब होता. तो गुरवाच्या पुढच्या वाक्याने निकालात निघाला. देवी जिला दिसली तिनेच राखण करावी, असे ठरले. राखणदारीण म्हणून रोज सुकतीला कातळावर बसायचे, आणि साऱ्या गावाची नजर आपल्यावर. त्यात येसूने हट्ट धरला की देवी पुन्हा दिसायची असेल तर मलाही दिसू दे. तीही शेजारी येऊन बसू लागली. एक खोटे लपवायला बसलेली आणि एक खरे बघायला बसलेली, अशा त्या दोघी महिनोन्महिने एकाच कातळावर बसून चिखलाकडे पाहत राहिल्या. दुसरे काही करता येत नसल्यामुळे हळूहळू त्यांचे पटूही लागले.

घरी आवडीने देवकीला लांब बाह्यांचे झबले चढवले आणि पोरीची आंघोळ आपल्याकडे घेतली. सासू भागाय आजवर ते काम करत असे. "सून एकाएकी गुणी झाली. दृष्ट काढायला हवी," एवढेच ती म्हणाली आणि तंबाखू मळत बसली.

श्रावणात देवकी तापली. तीन दिवस अंगाची लाही, डोळा उघडेना. आवडीला वाटायचे ते वाटलेच. मनगट मोकळे आहे, देवीची राखण सुटली आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी पोरीला सासूच्या मांडीवर टाकून, भर पावसात ती खाडीवर धावली. पाण्यापावसाची येसू आलेली नव्हती. काठ्या ओलांडून आवडीने एक पाय चिखलात ठेवला.

तळव्याखाली खडीसारखे काही कुरकुरले. ती वाकली. चिखलात तांदूळ पेरावा तशा तिसऱ्या दाटल्या होत्या. इतक्या बारीक, की बोटाच्या पेरावर चार मावाव्यात. चिखलभर त्यांच्या श्वासाची भोके होती. पुढे तिवरांच्या वर आलेल्या मुळांत निवटे मासे उड्या मारत होते, पाण्याच्या कडेला कोळंबीची पिल्ले काचेसारखी हलत होती. पाचसहा महिने कोणाचा पाय लागला नव्हता, त्याचे हे झाले होते. बिंदली शोधायची तर हे सारे उलथून काढावे लागणार होते.

माझं पोर निजलंय, हे वाक्य तिनेच देवीच्या तोंडी घातले होते. आता पाऊल पुढे टाकताना ते तिला आठवले, आणि त्याबरोबर घरी निजलेले तिचे पोर आठवले. म्हणे ती बराच वेळ एका पायावर बगळ्यासारखी उभी होती. शेवटी तिने चिखलातला पाय अलगद वर घेतला, होता तिथूनच मागे ठेवला आणि हात जोडले.

"आये, तुझी तू राख, माझी मला राख," ती म्हणाली. "मी नाही मोडत."

घरी आली तेव्हा देवकी भागायच्या मांडीवर पेज चाटत होती. ताप आपसूक उतरला, की देवीने उतरवला, की भागायच्या काढ्याने, यावर गावात आजही तीन मते आहेत. काढा केला होता हे भागाय मरेपर्यंत सांगत राहिली.

थंडी पडली तसे चिखल्ये आणि तुतवार पक्षी थव्याने पाळण्याच्या कडेला उतरू लागले. खाडीत पाग टाकणाऱ्यांना, वर्षानुवर्षे दिसली नव्हती एवढी कोळंबी मिळू लागली. त्याचे श्रेय पुरुषांनी नव्या जाळ्यांना दिले.

दुसरी होळी आली. धुळवडीच्या सकाळी सारा गाव काठावर होता. गुरवाने काठ्या उपटल्या आणि पहिला मान आवडीला दिला. नवसाची टोपली आज भरेल, हे तिला पहिल्या पावलातच कळले. पण टोपलीबरोबर ठेवायची बिंदली कुठून आणणार? ती झोळीच्या तिवराखाली गेली. थोराड, जड तिसऱ्या ओंजळीने वर येऊ लागल्या. टोपली भरली, शीगही लागली, टोकाची एकच तिसरी राहिली. तिने कोपरापर्यंत हात घातला आणि जे हाताला लागले ते बाहेर काढले.

एक तिसरी होती. तिच्या कंबरेला काळे पडलेले कडे. पिल्लू असताना ती बिंदलीत शिरली, आतच वाढली आणि आता ना पुढे जाईना ना मागे. आवडी चिखलातच खाली बसली.

देवळात टोपली ठेवल्यावर तिने सगळे सांगून टाकले. देवी दिसली नव्हती. बिंदली पडली होती. आपण खोटे बोललो.

"म्हणजे मी वर्षभर त्या कातळावर बसून बूड झिजवलं, ते कोणाला बघायला?" येसूने विचारले.

"मला," आवडी म्हणाली.

भागायने तंबाखूची चिमूट गालात सरकवली. "बिंदली नाही हे मला पहिल्याच रात्री ठाऊक होतं. झबल्याच्या बाहीतून मनगट लागतं हाताला. मी काय आंधळी आहे?"

"मग आत्याबाय, बोलली का नाहीस?" आवडीने विचारले.

"फूल उजवं पडलं होतं. देवीच गप्प बसली, तर मी कोण गो बोलणारी?"

गुरवाने ती तिसरी बिंदलीसकट तांब्याच्या भांड्यात खाडीच्या पाण्यात ठेवली. चौथ्या दिवशी ती आपणहून सैल पडली, दोन्ही शिंपा एकमेकींवरून सरकल्या आणि बिंदली मोकळी झाली. देवीच्या पायाशी ठेवण्याआधी आवडीने ती एकदा मागून घेतली. ओल्या फडक्याखाली ठेवलेल्या टोपलीतली एकेक तिसरी तिच्यातून घालून पाहिली. ज्या पार गेल्या त्या वेगळ्या काढल्या आणि ओटीत घेऊन पाळण्यात सोडून आली. येसू सोबत गेली होती. परतताना ती म्हणाली, "माझ्या टोपलीत यातून जाणाऱ्याच जास्त निघतील."

"मग पुढल्या वर्षी ये," आवडी म्हणाली.

येसूने घरी जाऊन तांब्याच्या तारेचे तसेच कडे वळले. गावातले दुसरे कडे ते, असे सांगतात. देवकी पुढे नातवंडा-पतवंडांची झाली आणि शेवटपर्यंत लांब बाह्यांची चोळी घालत असे.

मध्यंतरी एका खात्याचे साहेब पाजव्यात येऊन गेले. तिसऱ्यांचे पीक टिकवायचे तर लहान शिंपल्या सोडाव्यात आणि काही भाग बंद ठेवावा, असे त्यांनी तीन अहवालांअंती ठरवले होते. तांडेलांनी त्यांना चहा पाजला आणि बिंदली दाखवली. साहेबांनी पट्टीने मोजली, वहीत लिहिले आणि पुन्हा एकदा मोजली.

आजही पाजव्यात कोणाकडे तांब्याचे कडे असते, कोणाकडे पाइपाचा कापलेला तुकडा, पण माप त्या बिंदलीचेच. आजही रंगपंचमीला दिवस कलताना काठ्या पुन्हा रोवल्या जातात. त्या वर्षी ज्या घरात मूल झाले असेल, तिथली आई शेवटची पार गेलेली तिसरी पाळण्यात सोडते. मग गुरव मोठ्याने विचारतो, "खारजाई कोणाला दिसली?" आणि काठावरच्या साऱ्या बायका एका सुरात सांगतात, "आवडीला दिसली."

दिसली नव्हती, हे त्यांतल्या प्रत्येकीला ठाऊक असते. काठ्यांपलीकडे पाय मात्र कोणी टाकत नाही.