कोरडी सुई अन् ओला लंगोट

"वस्ताद, सुईनं ताकद येती का जाती?"

उदाजी तालमीच्या दारात मांडी चोळत हुबा होता. नुकताच आखाड्यातनं निघालेला, अंगावर नुसता लंगोट. गडी एवढा, की दारात हुबा ऱ्हायला तर आत अंधार. त्वांड मातर डाक्टराकडं आणलेल्या पोरावानी.

हुसेन वस्ताद हळदीच्या पोत्याचं त्वांड शिवत बसले होते.

"कुठली सुई?"

"खेळाडूंचा डाक्टर हाय की शहरातला. मांडीत गाठ आली हुती, त्यात सुया टोचल्या त्यानं. औषध न्हाई, काय न्हाई. कोरड्या."

"दुखणं?"

"थांबलं."

"मग रडतोस कशाला?"

"मांडी हलकी लागतीया वस्ताद... दुसऱ्याच कुणाची असल्यागत. उद्या कुस्ती. आजवर माझी पाठ मातीला लागली न्हाई. उद्या ऐन वक्ताला ताकद घावली न्हाई तर?"

"सुईत काय नव्हतं म्हणतोस. मग ती घिऊन काय गेली?"

"त्येच तर कळंना..."

वस्ताद पोतं शिवत ऱ्हायले. सुई आत, सुई भाईर.

"आणिक चार टोचून घिऊ का? आत्ताच्या गाडीनं जातो!"

"आदी आंघूळ कर. मातीनं बरबटलाईस."

उदाजीनं लंगोटाच्या गाठीला हात घातला. घामानं भिजून पार आवळलेली. वढली. आणिक वढली. जेवढा जोर लावावा तेवढी घट्ट. रेड्याला शिंगं धरून बसवणारा गडी, पण बोटभर गाठीनं त्येला घाम फोडला.

"इकडं ये."

वस्तादांनी सुईतला दोरा वढून टाकला. नुसतं टोक गाठीत घातलं. हिकडं हलवलं, तिकडं हलवलं...

गाठ सुटली.

अन् लंगोटबी निघाला की खाली! उदाजीनं दोन्ही हातांनी कसाबसा दाबून धरला. नेमकी तेवढ्यात ताकवाली म्हातारी दारात. मेलीनं डोळं झाकलं असतील तर शप्पथ!

"वस्ताद, धरा की! सुटाय लागलाय!"

वस्तादांनी सुई त्येच्या नाकापुढं धरली.

"गाठ सोडली हिनं. आता हिलाच सांग की धरायला."