खोल जाणारी पिल्लं

सकाळची वेळ होती. वारा पडला होता, भरती चढत होती आणि बर्फाच्या कड्यावर पेंग्विनांची त्या वर्षीची पिल्लं पहिल्या उडीसाठी रांगेत उभी होती. त्या राज्यात मासे आटले होते. ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण तसं म्हणायची पद्धत नव्हती. समुद्र यंदा जरा लांब गेलाय, असं म्हणत.

पूर्वी पिल्लांना बुडी मारायला कुणी शिकवत नसे. अंगावरची लव झडून पिसं आली की आईबाप भरवणं बंद करत आणि भूकच पिल्लाला पाण्यात लोटत असे. सुरुवातीचे दिवस फजितीचे जात. नव्या पिसांत हवा भरलेली, त्यामुळे पिल्लू खाली जायला बघे आणि बुचासारखं वर येई. मग पंख मारून स्वतःला खाली दाबायचं, दम संपायच्या आत वर यायचं, पुन्हा जायचं, असं करत ते रोज थोडं आणखी खोल जाई. केव्हातरी पहिला मासा मिळे. तोवर अंगावरची चरबी त्याला पुरत असे.

आता चरबी नव्हती. आईबाप लांबून थकून येत आणि पिल्लांच्या चोचीत निम्मं पाणीच ओकत. पिल्लं रडत. मागच्या साली रडणं फारच वाढलं तेव्हा कड्याचा कारभार पाहणाऱ्या काठपालाने खडे आणवले.

खडे गिळणं नवीन नव्हतं. जाणते पेंग्विन भरल्या पोटी, लांबच्या शिकारीआधी, एखादा खडा गिळत. वजनाने खाली जाणं सोपं पडतं. काठपालाने विचार केला, ज्याने जाणते खोल जातात ते पिल्लांना रोजच का देऊ नये? शिवाय पोटात काहीतरी पडलं की पिल्लू गप्प बसतं. डोंगराच्या उतारावरून खडे आले आणि कड्यावर शाळा निघाली. रोज सकाळी खडा मिळे, मग बर्फात खणलेल्या कोरड्या खळग्यात पिल्लं पोटावर घसरत. त्याला बुडी म्हणत.

ठिपकी आणि बारक्या ही बहीणभावंडं याच शाळेत होती. छातीवर काळा ठिपका असलेली ठिपकी पहिल्या अंड्याची. बारक्या दुसऱ्या अंड्याचा, म्हणजे जन्मापासून प्रत्येक घासाला उशिरा पोचलेला. त्याला भूक जास्त, म्हणून खडेही जास्त. बाकीची पिल्लं एक खडा कसाबसा उतरवत. तो आणखी मागून घेई.

"चालताना वाजतोस लेका," शाळेतला वात्रट चोचल्या त्याला म्हणे. "खुळखुळा आहेस की पेंग्विन?"

"वाजेना का," बारक्या म्हणे. "भूक तर लागत नाही."

उडीच्या दिवशी पहिल्या अंड्याची पिल्लं आधी जाणार होती आणि दुसऱ्या अंड्याची त्यांच्यामागून, पाणी उतरायला लागल्यावर. काठपाल उंचवट्यावर चढला.

"घाबरायचं कारण नाही," तो म्हणाला. "मागच्या साली आपल्या पिल्लांनी पहिल्याच उडीत तळ गाठला. दुसऱ्या कुठल्या कड्यावर हे झालंय का? सांगा!"

आईबापांनी पंख फडफडवले. मागच्या सालची पिल्लं परत दिसली नव्हती, पण त्यावरही उत्तर तयार होतं. ती पुढच्या पाण्यात गेली. मोठी झालेली पोरं घरी येऊन बसतात का?

ठिपकीला कड्याच्या टोकावर भीतीने उलटी झाली. खडे बर्फावर सांडले.

"शोभतं का हे?" काठपाल ओरडला. "उचल आणि गीळ!"

"व्हा बाजूला, मी आधी!" म्हणत चोचल्याने मागून रेटा दिला आणि दोघं एकदमच पाण्यात पडली. पाठोपाठ सगळी रांग पडली.

ठिपकी वर आली. चोचल्या आला नाही. तिने पाण्यात डोकं घालून पाहिलं. रांगच्या रांग खाली चालली होती, सरळ, उभीच्या उभी. पंख सगळ्यांचे हलत होते. सगळी वर यायला बघत होती. वर यायचं शाळेत शिकवलेलं नव्हतं. कोरड्या खळग्यात त्याची गरज पडत नाही.

कड्यावर जयजयकार चालू होता.

ठिपकी कड्याला चिकटून तरंगत राहिली. वर जायला वाट नव्हती. खाली दाबावं तर पाणी तिला वर फेकत होतं. पोट रिकामं होतं आणि भुकेने कळा येत होत्या. कितीदा तरी खारं पाणी प्यायल्यावर एकदा तिची चोच कशावर तरी मिटली. ते वळवळलं. ते तसंच धरून, जिथे बर्फ उतरता होता तिथून ती चढली आणि धावत घरट्याकडे गेली.

"बारक्या, खा हे. पण आधी पोटातलं सगळं ओक."

बारक्याने अख्खा मासा कधी पाहिला नव्हता. "हलतोय गं ताई!"

"हलणारच. जिवंत आहे. ओक आधी!"

त्याने घशाला ताण दिला. काही आलं नाही. खडे एकमेकांत घट्ट बसले होते. मग त्याने मासा गिळून पाहिला. तो गळ्यापर्यंत गेला आणि तसाच परत आला. खाली जागा नव्हती.

ठिपकी त्याच्या पाठीवर पंखांनी धपाटे घालू लागली, तशी आई मध्ये पडली.

"अगं, मारतेस काय त्याला?"

"आई, त्याचे खडे काढ. चोचल्या बुडाला. सगळी बुडाली. मी तेवढी वर राहिले, कारण माझं पोट रिकामं होतं."

आईने समुद्राकडे पाहिलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "हे आपल्यातच राहू दे. कळलं तर तुलाही परत शाळेत घालतील."

ठिपकी तिथून निघाली ती थेट काठपालासमोर उभी राहिली. बारक्याची रांग लागत होती.

"काठपालकाका, धाकट्यांना थांबवा."

"तू तळ गाठलास?"

"नाही. मी वर तरंगत होते."

"म्हणजे नापास," काठपाल जमावाकडे वळून म्हणाला. "आता नापासांनी आम्हाला शिकवायचं!"

लोक हसले. एक बाप्या तर पोट धरून हसला. त्याचं पिल्लू सकाळीच गेलं होतं.

"मग तुम्ही जा खाली," ठिपकी म्हणाली. "कुणीही एक जाणता जाऊ दे. बघून येऊ दे."

"तेवढ्या खोल जाण्याइतका दम जाणत्यांना नाही," काठपाल शांतपणे म्हणाला. "म्हणून तर पिल्लांचं एवढं कौतुक!"

बारक्याने उडी मारली तेव्हा आवाज मोठा झाला. ठिपकीने त्याच्यामागे सूर मारला. तिला येत होतं तेवढं सगळं तिने पणाला लावलं. एकदा तिची चोच त्याच्या डोक्याला लागलीही. मग तिच्या पिसांतल्या हवेने तिला वर ओढलं. बारक्या खाली जाताना वर पाहत होता. त्याला वाटत असावं, ताई खेचून घेईल.

हिवाळा आला आणि समुद्र गोठला. तो फुटला तेव्हा नवी अंडी उबली होती, नवी पिल्लं झाली होती आणि मासे आणखी लांब गेले होते. शाळा वेळेवर सुरू झाली. ठिपकी कुंपणाबाहेरून ओरडत असे, "गिळू नका रे!" पिल्लं तिला वेडी म्हणत.

त्या वर्षी खडा नको म्हणून एकही पिल्लू रडलं नाही. डोंगरावरच्या खड्याला धार असते, तो घसा खरवडत उतरतो. धार जाते ती पोटात, दिवसेंदिवस घासून. त्या वर्षीचे खडे पहिल्या दिवसापासून गोल आणि गुळगुळीत होते. डोंगराचा उतार तर उन्हाळाभर बर्फाखालीच होता, तिकडे कुणी फिरकलं नव्हतं.

शाळेच्या दाराशी रोज सकाळी खड्यांची रास पडलेली असे. ती ओली असे, आणि खड्यांना खोल समुद्रातलं शेवाळ लागलेलं असे.