सांधलेल्या हाडाची परीक्षा

"लिहा, माय! चार हजार तास शिकवलं असं लिहा. तुमचं काय जातं त्यात?"

"माझंच जातं. न मोडलेलं हाड मोडलंय, असं एकाही रोग्याला मी सांगितलं नाही. आता मसणात गोवऱ्या गेल्यावर तासांचं थोतांड लिहू?"

डोंगराच्या पायथ्याशी एक वृद्ध हाडवैद्य स्त्री राहत असे, आणि तिच्या ओट्यावर हे भांडण सकाळपासून पेटले होते. समोर होती तिची सर्वांत गुणी शिष्या. लग्न होऊन ती समुद्रापलीकडच्या देशात गेली होती. विद्येचे प्रमाणपत्र सोबत नेले होते. परंतु तिथल्या रुग्णालयात हाडाला हात लावायचा, तर आधी तिथल्या विद्वानांच्या मंडळाने ते प्रमाणपत्र तोलावे लागे. तोवर ती त्याच रुग्णालयात रोग्यांच्या गाड्या ढकलीत होती.

"आणि तोलून निघालं काय, ते सांग की," वृद्धा म्हणाली. "सकाळपासून गिळून बसली आहेस."

शिष्येची मान खाली गेली. "त्यांनी विचारलं, सराव कशावर केलास? मी खरं ते सांगितलं. मडक्यांवर."

खरेच होते ते. त्या विद्येची रीतच तशी. गोणीत मडके घालून फोडायचे, गोणीचे तोंड बांधायचे, आणि शिकणाऱ्याने बाहेरून चाचपत आतले तुकडे जागच्या जागी बसवायचे. बोटांना डोळे फुटले, की मगच माणसाच्या हाडाला हात.

"मग?"

"त्यांनी लिहिलं, कुंभारकाम. प्राथमिक दर्जा."

वृद्धा इतकी हसली की तिला ठसका लागला.

"हसा! तिकडं मिसरूड न फुटलेल्या पोरांबरोबर पहिल्या पायरीवर बसायचं. बरगडीला बरगडी म्हणतात, हे घोकायचं. केस पांढरे होतील तेव्हा हाडाला हात लागेल माझा. तासांचा आकडा दिलात, तर निदान अर्धी वर्षं माफ होतील. उद्या जहाज सुटतं, माय."

वृद्धा उठली. अंगणात ढवळी नावाची शेळी चरत होती. कड्यावरून पडून तिचा मागचा पाय मोडला होता, आणि परदेशी जाण्यापूर्वी शिष्येनेच तो सांधला होता. वृद्धेने शेळीची मान काखेत दाबली, तोच पाय पायरीवर आडवा धरला आणि दुसऱ्या हाताने मुसळ उगारले.

शिष्येने झेप घेतली. "वेड लागलं का? माझ्या हातचा पाय आहे तो!"

"म्हणून तर. नीट सांधलायस की नाही, बघते."

"दिसत नाही का? कुंपणावर चढते ती!"

"चढते, हा काय पुरावा झाला? मोडून बघते. पुन्हा जुळला तर मान्य."

शिष्येने मुसळ हिसकावून घेतले. ढवळी सुटून पळाली, ती थेट कुंपणावर.

वृद्धा धापा टाकीत ओट्यावर टेकली. "बाई गं, शेळीसाठी माझा हात धरलास. स्वतःसाठी कुणाचा धरलास? ते मंडळ काही दुष्ट नाही. चालणं बघायला त्यांना डोळे नाहीत; मोडणं तेवढं मोजता येतं. आणि तू आपणहून पाय आडवा टाकतेस, वर मला म्हणतेस, जरा हळू मारा असं त्यांना लिहून द्या."

एवढे ऐकल्यावर शिष्याने गहिवरून पाया पडावे, असा अशा कथांचा रिवाज आहे. ही पडली नाही. उपाशी माणसाला बोध पचत नाही, हे सांगणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही.

"माय, ढवळीला तुम्ही पाला घालता. मला कोण घालणार? इथं राहा म्हणाल, तर या ओट्यावर शेवटचा रोगी कधी आला होता? त्या कामट्या बघा. मोडलेल्या पायाला बांधायच्या, त्यांनाच वाळवी लागलीय. तिकडं पोरं आहेत माझी. तुमचं सगळं खरं आहे. ते खरं घेऊन मी कोणत्या दारात उभी राहू?"

वृद्धेने कामट्यांकडे पाहिले. कोपऱ्यात गोण्या तोंड बांधून पडल्या होत्या. आतली खापरे चाचपायला आता कोणी येत नव्हते. हाड न मोडता सुटेल अशी वाट तिला तरी कुठे ठाऊक होती?

मग तिने शिष्येचा हात ओढून घेतला. सांधा तपासावा तसे एकेक बोट दाबून पाहिले, आणि हात सोडला.

"जा, मोडून घे, पुन्हा चालशीलही, पण थंडी पडली की ठणकेल, तेव्हा माझा सांधा वाकडा होता असं मात्र समजू नकोस."